जप्त केलेली स्कूटी

नव्या भाडेकरूची माहिती द्यायला पोलीस ठाण्यात गेलो होतो. साहेब कामात होते, म्हणून आवारात उभा राहिलो. तिथे जप्त केलेल्या गाड्यांची रांग आहे; बहुतेक गंजलेल्या, काहींच्या चाकांतून गवत वर आलेलं. त्यातल्या एका निळ्या स्कूटीची सीट एक वयस्कर गृहस्थ रुमालाने पुसत होते. बाजूच्या हवालदाराने मला हळूच सांगितलं, "मुलगी गेली त्यांची, ह्याच गाडीवर. ट्रकने उडवलं."

गृहस्थ वळून त्याला म्हणाले, "आता तरी घरी नेऊ द्या हो."

"जप्त करायचा अधिकार आमचा आहे काका, सोडायचा नाही. तो कोर्टाचा. तुमचा अर्ज तिकडेच पडलाय."

तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला राग आला. त्याने आडमुठेपणा केला असता तर भांडता तरी आलं असतं. घेणारा हात नेहमी समोर असतो. देणारा कुठेतरी लांब, पुढच्या तारखेच्या पलीकडे. मग माणसाने हात जोडायचे कुणापुढे?

काका म्हणाले, "निदान सावलीत तरी लावा. सीट तडकायला लागलीय."

हवालदाराने आवारभर नजर फिरवली. सावली एका झाडाखालीच होती आणि तिथे साहेबांची जीप उभी होती.

काकांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली आणि ते उन्हाकडे पाठ करून उभे राहिले, आपली सावली बरोबर सीटवर पडेल असे.