यमुनाबाईंच्या बटव्यातला कागद

प्रकाशचा जबडा उघडेना.

स्कोलीन म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन. ते दिलं की मिनिटभरात माणूस असा ढिला पडतो की हनुवटी एका बोटानं खाली येते, मग घशात श्वासाची नळी घालायची. इथं सगळं उलटंच. एकवीस वर्षांचा धडधाकट माणूस, अंबरनाथच्या कारखान्यात कामाला, सायकलवरून पडून हाताची दोन्ही हाडं मोडलेली, आणि दात असे आवळलेले की मध्ये चमचासुद्धा शिरला नसता. मला वाटलं, डोस कमी पडला. मी आणखी स्कोलीन दिलं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

साल सत्याऐंशी. मी भूलतज्ज्ञ. लोक म्हणायचे ‘बेशुद्धीवाली मॅडम’. अंबरनाथ पूर्वेला घर, बुडाखाली लूना, आणि उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत जो सर्जन बोलावेल त्याच्याकडं बॅग घेऊन हजर. तेव्हा मॉनिटर म्हणजे माझं बोट आणि माझे कान. बोट नाडीवर, कान स्टेथोस्कोपला.

कशीबशी नळी घातली, हॅलोथेन सुरू केलं. हॅलोथेन हा भुलीचा वायू, त्या काळी रोजच्या वापरातला. उल्हासनगरच्या त्या नर्सिंग होमचे सर्जन होते गोपी सर. सिंधी माणूस, हात अतिशय सफाईदार, तोंड सतत चालू. हाडाला प्लेट बसवता बसवता ते एकदम गप्प झाले.

“मॅडम, खून काला दिख रहा है. ऑक्सिजन चालू है ना?”

ऑक्सिजन चालू होता. नाडी मात्र एकशे पन्नास. मी प्रकाशच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच मागं घेतला. तापल्या तव्याला हात लागावा तसं झालं. बगलेत थर्मामीटर लावला तर पारा एकशे सहावर.

एमडीच्या तोंडी परीक्षेत मला यावर एक प्रश्न आला होता. मी उत्तर दिलं, सरांनी मान डोलावली, आणि आम्हा दोघांनाही खात्री होती की हा प्रकार आपण जन्मात बघणार नाही. मॅलिग्नंट हायपरथर्मिया. काही माणसांच्या स्नायूंत जन्मापासून एक दोष असतो. एरवी तो कळतही नाही, माणूस शेतात राबतो, कबड्डी खेळतो. पण स्कोलीन किंवा हॅलोथेन मिळालं की स्नायूंमधला कॅल्शियमचा नळ उघडतो आणि बंदच होत नाही. स्नायू आखडतात, पेटल्यासारखे तापतात, रक्त आंबतं. थांबवलं नाही तर तास-दोन तासांत खेळ खलास.

“सर, हात थांबवा. प्लेट राहू द्या, टाके घाला.”

“क्या हुआ?”

“बोलायला वेळ नाही. बर्फ मागवा. भरपूर.”

गोपी सरांनी पुढं एक अक्षर विचारलं नाही. त्या माणसाचे हे उपकार मी विसरणार नाही. हॅलोथेन बंद केलं, नळ्या बदलल्या, नुसता ऑक्सिजन जोरात सोडला. कंपाउंडर मासळी बाजारात धावला आणि कोळणींच्या टोपल्यांतला बर्फ गोणपाटात बांधून घेऊन आला. त्याला बोंबलांचा वास येत होता. तोच वास घेत आम्ही बगलेत, जांघांत, मानेखाली बर्फ ठेचून भरला. थंड सलाइन, रक्ताचा आंबटपणा मारायला सोडाबायकार्बची इंजेक्शनं, पुन्हा बर्फ. या आजारावर एक नेमकं औषध आहे, डँट्रोलीन. पुस्तकात होतं. माझ्या कपाटात नव्हतं, आणि मी फोन केलेल्या मुंबईच्या दोन्ही हॉस्पिटलांतही नव्हतं.

दोन तासांनी पारा एकशे एकवर आला. नाडी उतरली. दुसऱ्या दिवशी प्रकाशला चहाच्या रंगाची लघवी झाली, मोडलेल्या स्नायूंचा गाळ होता तो. सलाइन चढवत राहिलो. चौथ्या दिवशी तो मला म्हणाला, “मॅडम, हाताचा काय झाला? अजून दुखतो.” मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि त्याच्या वडिलांवर भडकले.

भडकायला कारण होतं. ऑपरेशनच्या आधी मी रीतसर विचारलं होतं की कुटुंबात कुणाला भूल देताना त्रास झालाय का? वडील काशिनाथ आणि मोठा काका, दोघं बेलवलीचे, छाती काढून उभे. काशिनाथ म्हणाले होते, “आमचे घरान कोनाला कायच नाय, मॅडम. सगले ठनठनीत.” प्रकाशची आई यमुनाबाई मागं भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडं ना त्यांनी पाहिलं, ना मी.

चौथ्या दिवशी मी काशिनाथांना झापत असताना ती पुढं आली. पदर सावरत हळूच म्हणाली, “माजा भाव असाच जेला. आपरेशनच्या टेबलावं. आंग निस्ता पेटला व्हता.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“मना कोनी इचारलाच नाय.”

काशिनाथ चक्क मान हलवून म्हणाले, “तो तिचे माहेरचा, मॅडम. आमचे घरचा नाय.”

त्यांनी लपवाछपवी केली नव्हती. त्यांच्या हिशेबी कुटुंब म्हणजे आडनाव, आणि बायकोचं माहेर हे दुसऱ्या गावचं, दुसऱ्याचं. दोष मात्र आडनाव बघून उतरत नाही. आईकडून येतो, वडिलांकडून येतो, आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. यमुनाबाईच्या अंगातही तो असणारच, पण तिला कधी भूलच दिली नव्हती. सगळी बाळंतपणं घरी झाली.

माझी चूक काशिनाथांपेक्षा मोठी. प्रश्न मी पुरुषांना विचारला आणि उत्तरावर समाधान मानलं. भडकण्याचा हक्क मला नव्हताच.

नंतर मी माझ्या जुन्या प्रोफेसरांना गाठलं. तपासणीला मांडीच्या स्नायूचा तुकडा काढावा लागतो, ती सोय आपल्याकडं नाही, तेव्हा रक्ताच्या प्रत्येक नातेवाइकाला दोष आहे असंच धरून चाल, असं ते म्हणाले. मी माझ्या लेटरहेडवर मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: या कुटुंबातल्या कुणालाही स्कोलीन आणि हॅलोथेन देऊ नये. काय दिलेलं चालेल, तेही खाली लिहिलं. एक कागद काशिनाथांना, एक यमुनाबाईला.

“हा तुमच्या माहेरी दाखवा. भावाला मूलबाळ?”

“येक पोरगी हाय. भारती. ल्हान हाय अजून.”

तिनं कागदाची घडी घातली आणि कमरेच्या बटव्यात ठेवली. मी मनात म्हटलं, गेला हा कागद पान-सुपारीत.

अकरा वर्षं गेली. अंबरनाथच्या आनंदनगरला नवे कारखाने आले, नर्सिंग होमांत नवी मशिनं आली. बोटाला चिमटा लावला की रक्तातला ऑक्सिजन आकड्यात दिसायचा. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं मशीनही गोपी सरांनी घेतलं होतं. हा आजार सुरू झाला तर ताप चढण्याआधी पहिली वर्दी ते मशीन देतं. माझ्या फॉर्मवर आता दोन रकाने होते, वडिलांकडचे आणि आईकडचे. मी स्वतःवर खूश होते.

एके दिवशी दुपारी गोपी सरांचा फोन आला. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, अपेंडिक्स, बहुतेक फुटलंय. लग्न ठरलेलं. बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, दोन्हीकडची मंडळी उल्हासनगरच्या कापडबाजारात आलेली. पोरगी दुकानातच पोट धरून बसली.

मी पोचले तेव्हा बाहेर होणारा नवरा, सासरा, सासू आणि मुलीची आई असे चौघं उभे. गाव वेगळं, आडनाव वेगळं, मी कुणालाच ओळखलं नाही. मी आईला विचारलं, “वडील?”

“वारले. ही ल्हान व्हती.”

“कशानं?”

तिनं सासूकडं एक नजर टाकली. “तापानं.”

“वडिलांकडं किंवा तुमच्याकडं भुलीचा त्रास कुणाला?”

“नाय. कोनालाच नाय.”

दोन्ही रकान्यांत मी ‘नाही’ लिहिलं. पोट फुगलेलं, उलट्या चालू, म्हणून पूर्ण भूल द्यायचं ठरवलं. मुलगी टेबलावर. सिरिंजमध्ये स्कोलीन भरून ट्रेमध्ये ठेवलं. तेवढ्यात बाहेर बायकी आवाज चढला आणि सिस्टर म्हणाली, “मॅडम, एक बाई ऐकतच नाही, आत घुसतेय.”

दारात यमुनाबाई. केस पांढरे झालेले, धाप लागलेली. बस्त्याला आलेल्या बाकीच्या बायका दुकानात गाठोडी सांभाळत बसल्या होत्या, त्यांत यमुनाबाईही. ‘आपरेशन’ हा शब्द कानावर पडताच ती भर उन्हात चालत निघाली होती. मला बघून तिला रडूच फुटलं. बटव्यातून तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. घड्या पडून चिरलेला, हळदीचे डाग, आणि अक्षर माझं.

“माजे भावाची पोर हाय ती. ही भारती.”

ट्रेमधली सिरिंज उचलून मी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

भारतीची आई मागून कळवळली, “यमे, सोयरीक मोडंल ना.”

“मोडंना का. पोर तं जगंल.”

मी आत गेले. “सर, प्लॅन बदलला. कमरेतून भूल.” कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करायचा, त्यात ना स्कोलीन ना हॅलोथेन. भुलीचं मशीन भिंतीकडं ढकललं, कारण वर्षानुवर्षं वाहिलेलं हॅलोथेन त्याच्या नळ्यांत रेंगाळतं. ऑक्सिजन थेट सिलिंडरवरून. बादलीभर बर्फ कोपऱ्यात तयार. बगलेत थर्मामीटर, आणि दर पाच मिनिटांनी माझा हात तिच्या कपाळावर. आकडे मशीन दाखवत होतं, पण मला हाताशिवाय चैन पडेना.

पाऊण तासात अपेंडिक्स बाहेर. फुटायच्या बेतात होतं, फुटलं नव्हतं. सबंध वेळ ताप अठ्ठ्याण्णवच्या वर गेला नाही. भारती टेबलावरून मला विचारत होती, “शालू दुकानानच ऱ्हायला का?”

गोपी सर हातमोजे काढत म्हणाले, “मॅडम, आज बरफ शरबत में डालो.” आम्ही खरंच सरबत केलं.

बाहेर आले तर होणारी सासू माझीच वाट बघत होती. मला वाटलं, आता ही बाई लग्न मोडल्याचं सांगणार. आणि मोडलं असतं तर त्यात माझ्या अक्षराचाही हात असता. तिनं कागद उलटा-सुलटा करून बघितला.

“हिचे पोरांना पन लागंल का हा?”

“लागू शकतो. निम्मी शक्यता.”

“मंग मना याची झेराक्स पायजे. ती आता आमची, कागद आमचेकडं पन नको का?”

यमुनाबाई पायरीवर बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. मी कंपाउंडरला सांगितलं, दहा काढ.

लग्न पंधरा दिवसांनी पुढं ढकललं आणि झालं. मी जेवायला गेले होते. भारतीनं तोच शालू नेसला होता.

माझ्या फॉर्मवर दोन रकाने अजून आहेत, पण त्यांच्यावर माझा भरवसा नाही. आता मी पेशंटच्या आईला एकटीला आत बोलावते, दार लावून घेते आणि मग विचारते. मावशी, आत्या कुणी आली असेल तर तिलाही. पुरुष मंडळींना मी बाहेर सहीचे कागद देते. त्यांना तेवढं काम पुरतं.