मुलुंड ते अंधेरी, व्हाया वडा-सांबार

मिस्त्रीने घण घातला आणि मुलुंडच्या माझ्या घरातला ओटा धाडकन खाली आला. गॅस बंद, नळ बंद, फ्रिज हॉलमध्ये सोफ्याला टेकून उभा. "शनिवारपर्यंत चकाचक करून देतो, मॅडम," मिस्त्री म्हणाला. मी आईला म्हटलं, "चल गं, आठवडाभर बाहेरच जेवू. ट्रिपच समज." लोक हिमाचलला जातात, आम्ही दोघी पर्स घेऊन स्वतःच्याच उपनगरात निघालो.

आई कणकवलीजवळच्या गावाहून आलेली. बाबा गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून ती त्या घरात एकटी. आता तिने इथे माझ्याजवळ राहावं, कायमचं, एवढंच मला हवं होतं. ओटा फोडण्याचं खरं कारणही तेच. नवा ओटा मी चार बोटं खाली घ्यायला सांगितला होता, तिच्या उंचीला. तिला मात्र सांगितलं की जुना खचलाय. ती परतीचं रविवारचं तिकीट काढूनच आली होती आणि विषय काढला की एकच उत्तर, "बघूया गो." मग मी ठरवलं, हिला असं फिरवायचं, असं खाऊ घालायचं की हिचा पाय निघता कामा नये.

सुरुवात घराजवळच्या गुजराती थाळीने केली. तिथे वाढपी तुमच्याभोवती गरबा खेळल्यासारखे फिरतात. ताटाला जरा जागा दिसली की पुरणपोळी, नाही म्हणालात की अजून एक. आईने दोन्ही हात ताटावर आडवे धरले तरी एकाने बोटांच्या फटीतून ढोकळा सरकवलाच. दोन फुलके खाऊन ती थांबली. अनलिमिटेड थाळीत दोन फुलके! तिथे दोघांत एक थाळी चालत नाही, तेव्हा सकाळचा नाश्ता टाळूनच जा, हा माझा फुकटचा सल्ला. बाहेर आलो तर दुपार अगदी सुस्तावली होती. रस्त्याच्या टोकाला येऊरचा डोंगर निळसर दिसत होता आणि झाडाखाली रिक्षावाले पाय वर घेऊन झोपले होते. आई त्या डोंगराकडे बराच वेळ बघत राहिली. गावची आठवण आली असणार, असं मला वाटलं आणि मी तिला घाईने घराकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाटकोपरची खाऊगल्ली. सातच्या आत पोहोचलात तर उभं राहायला जागा मिळते, नंतर कोपर मारावं लागतं. तव्यावर डोसा पसरतो, त्यावर बटर, त्यावर चीज, त्यावर शेजवान, आणि वर डाळिंबाचे दाणे. का? देव जाणे. मला स्वतःला तो प्रकार झेपत नाही, पण पाहुण्यांना दाखवायचाच असतो. आईने तुकडा तोडला, चीजची तार हनुवटीपासून कागदी प्लेटपर्यंत लोंबली.

"घावन्याचे हाल केल्यानी गो ह्यांनी," ती म्हणाली.

मी इतकी हसले की शेजारचा कॉलेजकुमार वळून बघायला लागला. पण प्लेट अर्धी तशीच राहिली. धुरात, दिव्यांत आईचा चेहरा सोनेरी दिसत होता, आणि माझ्या डोक्यात एकच किडा, हिला काहीच आवडत नाहीये. वाट लागली माझ्या प्लॅनची.

मग गुरुवारी हुकमाचा पत्ता काढला, खारदांडा. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, तिथून रिक्षा. मेट्रो वरून जाते तेव्हा घरांच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी सगळं खालून तरंगत जातं. आई काचेला नाक लावून बसली होती. खारदांड्याच्या गल्लीत शिरल्या शिरल्या सुक्या मासळीचा वास आला आणि तिने चक्क दीर्घ श्वास घेतला. "वास वळखीचो आसा," म्हणाली. एका छोट्या खाणावळीत बोंबील फ्राय, भाकरी, सुरमईचं कालवण. बोंबील असा, की कुरकुरीत कवच फुटलं की आत नुसतं लोणी. गुरुवारी बऱ्याच जणांचा वार असतो, म्हणून टेबल लगेच मिळालं. माझी भाकरी कधी संपली मला कळलं नाही. आईने एक बोंबील खाल्ला आणि हात धुवायला उठली.

"आई, मासे पण नकोत? तुला मुंबई आवडतच नाही ना? स्पष्ट सांग ना एकदाचं!"

"मुंबयचा काय चुकला?" ती म्हणाली. "पोट भरला गो."

जेवून आम्ही किनाऱ्यावर होड्यांच्या सावलीत बसलो. ओहोटी होती. एक विमान समुद्रावर गेलं, लहान लहान होत नाहीसं झालं. मला फार वाईट वाटत होतं आणि तरी तिच्या खांद्याला टेकून मला डुलकी लागली.

शुक्रवारी मला अंधेरीला ऑफिसात थोडं काम होतं. तिला बरोबर नेलं आणि काम उरकून जवळच्याच एका उडप्याकडे गेलो. साधं हॉटेल, स्टीलचे पेले, काउंटरवर पिकल्या केसांचे अण्णा. आईने भिंतीवरचा फलक वाचला आणि तिचे डोळे एकदम चमकले.

"गो, हय सांबारा-वडे गावतत?"

मी मोबाईलमध्ये होते. "मिळतात ना, मागव की." इडली-चटणी तिने खाल्ली होती, पण वडा-सांबार या जोडीशी तिचा कधी संबंध आला नव्हता. तिच्या डोक्यात वडे म्हणजे आमचे तांदळाच्या पिठाचे मालवणी वडे, आणि सांबारा म्हणजे काळ्या वाटाण्याचा, भाजल्या खोबऱ्याच्या वाटपाचा रस्सा. आमच्याकडे गौरी-गणपतीला, लग्नकार्याला हेच जेवण. प्लेट आली. तिने आधी वडा निरखला.

"भोक आसा, म्हंजे वडोच." मग घास घेतला. "ह्यो उडदाचो!" मग चमचा बुडवून सगळी वाटी ढवळली. शेवग्याची शेंग वर आली. "आणि वाटाणे खय गेले?"

अण्णा काउंटरवरून उठून आले. "काय झालं अम्मा? सांबार बरोबर नाय?"

"बरा आसा, पण ह्या सांबारा न्हय."

"अरे!" अण्णांना जरा लागलंच. "मग सांबार कसा असतो, सांगा."

आणि आई सांगायला लागली. वाटाणे रात्रभर भिजायला हवेत. कांदा-खोबरं काळपट होईस्तो भाजायचं, करपवायचं नाही. धने, मिरी, लवंग त्यातच परतून घ्यायची. हवेत हात फिरवून तिने वाटप वाटूनही दाखवलं. अण्णा म्हणाले, त्यांची आई काळ्या चण्याचं असंच काहीतरी करायची, वर खोबरेल तेलात लसणीची फोडणी. "फोडणी लसणीची?" आईने विचारलं, आणि दोघांचा वादच जुंपला. वर्षभरात मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. बोलता बोलता ती पुढ्यातली प्लेट पुसून संपवत होती, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

"असा सांगान कळाचा नाय," शेवटी ती अण्णांना म्हणाली. "सोमवारी करून हाडतंय. खावन बघा."

सोमवारी! मी पाण्याचा पेला तसाच धरून बसले. रविवारची गाडी हिच्या लक्षात आहे की नाही? विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारलं आणि तिला आठवलं, तर? परतताना मेट्रोत ती खिडकीशी आणि मी तिच्या शेजारी. बाहेर चकालाच्या काचेच्या इमारतींवर ऊन उतरत होतं.

मिस्त्रीने शब्द पाळला, एका दिवसाच्या उशिराने. रविवारी दुपारी नवा ओटा पुसून तयार होता. गॅस जोडणारा माणूस सोमवारी सकाळी येणार होता. आईने ओट्यावर दोन्ही तळहात टेकवले, उभी राहून बघितलं आणि पिशवी घेऊन शेजारच्या वाण्याकडे जाऊन आली. गाडीची वेळ झाली, टळून गेली. तिकिटाचं नाव ना तिने काढलं, ना मी.

संध्याकाळी ती भांड्यात काळे वाटाणे धूत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, आठवडाभर फिरवलं तुला. कुठे धड जेवली नाहीस. मला वाटलं, तुला घरची ओढ लागलीय."

"घराक काय ओढ लागतली? एकटीसाठी वाटाप वाटूक हात उठणा नाय गो," ती पाण्यातच बघत म्हणाली. "बाबा गेल्यार एकदाय वाटूक नाय. पेज आणि लोणचा. मगे पोटाची सवयच गेली."

वर्षभर रोज फोनवर मी विचारत होते, "जेवलीस?" आणि ती म्हणत होती, "जेवलंय." मी तिला मुंबई आवडावी म्हणून धडपडत होते, आणि इकडे प्रश्न मुंबईचा नव्हताच. मला इतकं भरून आलं की मी उगाच फ्रिज उघडून बंद केला.

तिने वाटाण्यांवर ताट झाकलं. "तीन मुठी घातलंय," ती म्हणाली. "एक त्या अण्णांक. दोन आपल्याक."