दुसऱ्या दिवशीची तपासणी

तीन वर्षांपूर्वी मला ताप आला. ताप गेला, थकवा राहिला. म्हातारपणाचा थकवा मला ओळखता येतो, तो घटकाभर बसलं की उतरतो. हा झोपून उठल्यावर वाढतो. पण जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हे कुणाला पटत नव्हतं, कारण पाहुणे आले की मी ईर्षेनं वीस भाकऱ्या थापायचे. पुढचे तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचे, ते बघायला पाहुणे थांबत नसत.

सुनेला शाळेत नोकरी लागली. ती म्हणाली, "आई, एकदा हृदय दाखवू. चांगलं निघालं तर सोमवारपासून स्वयंपाक तुमी बघा. नसलं तर दुसरं काहीतरी करू."

आपलं हृदय खराब निघावं अशी प्रार्थना कुणी करत नाही. मी थोडी केली.

दवाखान्यात एक पट्टा होता. तो मागे पळतो, आपण पुढे चालायचं. नऊवारी आवळून घेतली, पायात नातीचे बूट घातले. छातीला वायरी चिकटवून नर्स म्हणाली, "आजी, दमला की सांगा."

हे ऐकलं आणि दमायचं नाही असं मी ठरवलं. त्यांनी चढ वाढवला, तरी चालले. एवढ्या चालण्यात एखादं गाव आलं असतं, मी उतरले ती तिथंच.

"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "रोज चाला."

मुलगा खूश झाला. सून म्हणाली, "मला वाटलंच होतं की."

मी डॉक्टरांना म्हटलं, "हीच तपासणी उद्या परत घ्या."

"आजच झाली की, आजी."

"आजची ईर्षेनं झाली. पाहुणे असताना बघून काय उपयोग? गेल्यावर बघा."

डॉक्टर हसले, पण या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलानं मला धरून रिक्षात चढवलं. मला वाकता येईना, म्हणून बूट सुनेनं घातले. पट्टा अगदी हळू लावला होता. चार पावलं टाकली आणि नाडी अशी पळाली की यंत्र ओरडायला लागलं. डॉक्टरांनी लगेच बंद केलं. दोन्ही दिवसांचे कागद शेजारी ठेवून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, हृदय चांगलंच आहे, पण केलेल्या कष्टातून शरीर सावरत नाही. या आजाराला नावही होतं, लिहिताना अख्खी ओळ गेली. "रोज चाला" त्यांनी खोडलं. जमेल त्याच्या निम्मं करायचं, दमायच्या आधी थांबायचं.

"आणि औषध?" मुलानं विचारलं.

"सध्या हेच."

घर जवळ आल्यावर सून म्हणाली, "तीन वर्षं नीट सांगितलं का न्हाय तुमी?"

"सांगत होते की. तू पाहुण्यांना वाढत होतीस."

सोमवारी ती शाळेत गेली. भाकऱ्या आता मुलगा करतो. कडा फाटतात, मध्ये कच्च्या राहतात. मी ओट्याजवळ खुर्ची टाकून बसते आणि नावं ठेवते. त्यानं नाडी वाढत नाही, मी मनगट धरून बघितलं आहे.