सात मिनिटं कशानं?

आमच्याकडे रस्त्यानं पायी चाललेलं माणूस दिसलं की लोकांना त्याची कीव येते. न्हावऱ्याहून इनामगावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची वस्ती आहे. तिथून किराणा दुकानापर्यंत चालत निघालं की वाटेत तीन-चार मोटारसायकली तरी थांबतात. "काय ताई, गाडी बंद पडली व्हय?" नाही म्हटलं की पुढचं, "मग बसा की मागं." मी चालायचं म्हणूनच चालतेय, हे पुण्याहून परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मी दोघांना सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ओळखीचे एक नाना मुद्दाम गाडी वळवून घरी आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "आप्पा, पोरगी एकलीच रस्त्यानं चालली हुती. घरात काय बोलाचाली झाली का?"

"न्हाई," आप्पा खाटेवरून म्हणाले. "तिला पुण्यातली सवय हाय. जाईल हळूहळू."

ती जाऊ नये असंच मला वाटत होतं.

ही सवय लागली त्याला आठ वर्षं झाली. एम.ए.साठी विद्यापीठात माझा नंबर लागला, पण वसतिगृहात लागला नाही. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. त्या म्हणीत भाड्याची खोली शोधणं घालायचं कुणाच्या तरी ध्यानातून गेलंय. आप्पा आणि मी सकाळच्या एसटीनं पुण्यात उतरलो आणि विद्यापीठाच्या मागच्या गेटाजवळच्या गल्ल्यांत दारं वाजवत फिरलो. कुठे मुलींना खोली देत नव्हते. कुठे मुलींनाच देत होते, पण एका खोलीत पाच जणी कोंबून. आप्पांच्या पायात नव्या वहाणा होत्या आणि त्या चावत होत्या. त्याहून मोठा घोर त्यांना वेगळाच होता. पोरीला स्कूटी घेऊन देता आली नव्हती, आणि गाडीशिवाय ती शहरात जाणार-येणार कशी हे त्यांना उमगत नव्हतं.

दुपारी शेवटच्या घरात एक काकू भेटल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. बाहेरच्या जिन्यानं वर गेलं की एक खोली होती, ती त्यांना द्यायची होती. त्यांनी आडनाव विचारलं नाही, मटण शिजवणार का विचारलं नाही. पहिलाच प्रश्न, "गाडी आहे का?"

आप्पांची मान खाली गेली. "न्हाई ओ. सध्या तरी न्हाई."

"मग बरं. गाडीवाल्यांना मी खोली देत नाही. लावायला जागा नाही, आणि सकाळी उठून नुसती किका मारत बसतात."

नसलेल्या वस्तूमुळे आमचं काम झाल्याची ती पहिलीच वेळ असावी. आप्पांना खरं वाटेना. खात्री करायला म्हणून त्यांनी विचारलं, "हितनं विद्यापीठ किती लांब पडंल?"

"सात मिनिटं."

"कशानं?"

"कशानं म्हणजे?"

"म्हंजी मोटारसायकलनं का रिक्षानं?"

"अहो, पायी," काकू म्हणाल्या, आणि यांना मराठी येतं की नाही, अशा नजरेनं आप्पांकडे बघत राहिल्या. चूक आप्पांची नव्हती. आमच्याकडे कुणी मिनिटं सांगितली की ती गाडीचीच असतात. कुठल्या गाडीची, एवढंच विचारायचं राहतं.

आप्पांनी लगेच घड्याळ लावून पाहिलं. मी आणि ते काकूंच्या फाटकातून निघालो. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला होता, कोळशाच्या इस्त्रीवर पाणी शिंपडून तो चर्र आवाज काढत होता, तिथे आप्पा थांबले. पुढे पिठाची गिरणी. आत जाऊन त्यांनी डब्यात पडणारं पीठ चिमटीत धरलं आणि गिरणीवाल्याला सांगितलं, "पीठ तापतंय, दगड बोथट झालाय. टाकी लावून घ्या." गिरणीवाला हसला. एका बंगल्याच्या कंपाउंडच्या भिंतीवर कढीपत्त्याच्या जुड्या ठेवलेल्या होत्या, 'हवा असल्यास न्यावा' अशी पाटी होती, मालक कुणीच दिसत नव्हता. आप्पांनी एक जुडी उचलली, परत ठेवली, पुन्हा उचलली आणि खिशात घातली. विद्यापीठाच्या गेटावर पोहोचलो तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

"सात तिची," आप्पा म्हणाले, "अकरा आपली." आणि एसटी पकडून ते गावी गेले. त्या गल्लीत ते पुन्हा कधी आले नाहीत.

मी मात्र गेल्या वर्षापर्यंत तिथेच राहिले. दोन वर्षं शिक्षणाची, मग विद्यापीठाच्या ग्रंथालयात हंगामी काम मिळालं. खोली म्हणावी तर काय होती? एक खिडकी, एक मोरी, उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा पत्रा. खोलीत मला करमायचं असं नाही. मला खोलीतून खाली उतरायला आवडायचं. एकच लिंबू हवं असलं तर एकच लिंबू आणायला जाता यायचं. झेरॉक्सवाल्याला माझ्या लघुप्रबंधाचं कुठलं प्रकरण अडलंय ते ठाऊक असायचं. पिशवी लटकवून चालणारे प्राध्यापक, ओल्या केसांच्या मुली, बँकेच्या पायऱ्यांवर पेपर वाटून घेऊन वाचणारे म्हातारे, सगळे पायीच. चालता चालता डोक्यातली गुंतवळ आपोआप सुटायची. आमच्या वस्तीवर डोक्यातलं काही सुटायला जागाच नसते, कारण डोकं कुणाच्या तरी मागच्या सीटवर असतं.

एकदा कायम नोकरीची मुलाखत फार वाईट गेली. गेटापासून खोलीपर्यंत मी रडत आले. इस्त्रीवाल्यानं पाहिलं आणि हातातल्या शर्टाची कॉलर उगाचच पुन्हा दाबायला घेतली. कुणी थांबवलं नाही, कुणी गाडी वळवून घरी सांगायला गेलं नाही. रडत चालता येणं ही केवढी चैन आहे, हे ज्याला मिळालं त्यालाच कळेल.

गेल्या वर्षी आप्पांच्या डाव्या पायाला जखम झाली. शुगर होती, लक्ष दिलं नव्हतं, ती चिघळत गेली. शिरूरच्या दवाखान्यात घोट्याच्या वर पाय काढावा लागला. आई चार वर्षांपूर्वीच गेलेली. भाऊ रांजणगावला कंपनीत, दर आठवड्याला पाळी बदलणारी. वहिनीच्या मागे गाई आणि दोन लहान मुलं. दोन महिन्यांसाठी म्हणून मी घरी आले. गादी, पुस्तकं, स्टोव्ह, सगळं खोलीत तसंच होतं, किल्ली माझ्याजवळ. काकू म्हणाल्या होत्या, "जाऊन ये. खोली काही पळून जात नाही." दोनाचे चार महिने झाले, चाराचे सहा. मला कुणी थांब म्हणालं नाही, आणि जा असंही कुणी म्हणालं नाही.

इनामगाव आमच्या वस्तीपासून जवळच. तिथे घोडनदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव जमिनीखाली सापडलं. ती माणसं आपल्या माणसांना घरातच पुरायची, आणि मोठ्या माणसाला पुरताना घोट्यापासून पाय तोडायची. का तोडायची ते सांगायला कुणी उरलेलं नाही. खोदकामावर मजुरीला गेलेले आमच्याकडचे म्हातारे सांगायचे, मेलेल्यानं उठून घर सोडून जाऊ नये म्हणून. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी आप्पा पट्टी बांधलेल्या पायाकडे बघून म्हणाले, "आपल्याकडची जुनीच रीत हाय ही. पाय काढला की माणूस कुठं जात न्हाई." भेटायला आलेले सगळे हसले. मीही हसले.

दुपारी आप्पांचा वेळ जात नसे. टीव्ही त्यांना आवडत नाही. एक दिवस त्यांनी विचारलं, "त्या गिरणीवाल्यानं दगडाला टाकी लावली का गं?" लावली होती, मी सांगितलं. मग इस्त्रीवाल्याचं विचारलं. मग म्हणाले, "फाटकापासनं सांग."

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही चालत जाऊ लागलो. मी खाटेशेजारी बसून सांगायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. फाटक, इस्त्रीवाला, गिरणी, कढीपत्ता, झेरॉक्स, गेट. आणि परत. मी काही गाळलं तर ते अडवायचे. "कढीपत्ता ऱ्हायला." एकदाच चालले होते ते त्या वाटेनं, चावणाऱ्या वहाणांनी, पण त्यांना सगळं आठवत होतं. येताना मी काकूंच्या फाटकातून आत, जिन्याच्या बारा पायऱ्या, कुलूप, इथपर्यंत सांगायचे. मग आप्पा म्हणायचे, "झालं. आता च्या टाक."

मला वाटायचं, मी त्यांचं मन रमवतेय. खरं तर त्या अर्ध्या तासासाठीच मी दिवस काढत होते.

मग काकूंचा फोन आला. "अगं, एक मुलगी खोली विचारतेय. गाडी नाहीये तिच्याकडे. पण तू येणार असशील तर मी नाही सांगते तिला. तू सांग."

मी गोठ्याजवळ उभी होते. आत आप्पा वॉकर धरून उठायचा प्रयत्न करत होते, वॉकरचा पाय फरशीवर घसरल्याचा आवाज आला. मी म्हणाले, "देऊन टाका काकू. सामान भाऊ घेऊन जाईल." आणि फोन ठेवून आप्पांना धरायला धावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नेहमीसारखे निघालो. गेटापर्यंत गेलो, परत फिरलो. झेरॉक्स आलं, कढीपत्ता आला, गिरणी आली. इस्त्रीवाल्यापाशी येऊन मी म्हणाले, "चला, चहा टाकते."

आप्पांनी डोळे उघडले. "आज कोपऱ्यावरच थांबलीस."

"दमले."

"जिना न्हाई चढलीस." ते माझ्याकडे बघत राहिले. "खोली दिली व्हय तिनं दुसऱ्याला?"

"मीच द्या म्हणाले."

त्यांनी आखूड झालेल्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "पाय माझा काढला आन् घरात तू बसलीस. लाव फोन. न्हाई द्यायची म्हण."

मी नको नको म्हणत होते, पण बोटं नंबर लावत होती. मला ती खोली हवी होती. पत्रा, मोरी, सगळ्यासकट हवी होती, आणि वडिलांनी आपण होऊन जा म्हणावं याची मी सहा महिने वाट बघत होते. आप्पांना ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, मीच तुला करणार होते," काकू म्हणाल्या. "आज सकाळी आली ती मुलगी, वडिलांना घेऊन. करमाळ्याकडचे आहेत. ठरलं सगळं. पोरीचा चेहरा बघायला हवा होतास. आणि गंमत ऐक, मी म्हटलं विद्यापीठ सात मिनिटं, तर तिचे वडील मला विचारतात..."

"कशानं," मी म्हणाले.

"अगदी तेच! तुझ्या वडिलांसारखंच."

जे मागायला फोन केला होता ते आता मागता येईना. करमाळ्याकडची ती मुलगी आणि तिचा बाप कुठल्या तरी एसटीत बसून घरी निघाले असतील, आणि बाप अजून त्या सात मिनिटांचा विचार करत असेल. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. ते फोनकडे वाकले.

"पायी म्हणावं त्यांला, बाई," ते म्हणाले. "आन् पोरीला सोडायला येताना जुन्या वहाणा घालून या म्हणावं."

काकू हसल्या, ख्यालीखुशाली विचारली, फोन ठेवला. आप्पा उशीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.

"कोपऱ्यापासनं सांग पुढं," ते म्हणाले. "त्या नव्या पोरीच्या संगं जाऊ आज."

मी सांगायला लागले. इस्त्रीवाल्यापासून फाटक, फाटकातून जिना. पाचव्या-सहाव्या पायरीवर मी थांबले. आप्पांनी डोळे उघडले नाहीत. ते वाट बघत राहिले.