रामूची जीप आणि दादूची होडी

रामूच्या जीपला ओळखत नाही असं मूल एडवणच्या किनाऱ्यावर सापडायचं नाही. जुनी, पेट्रोलवर चालणारी, खाऱ्या हवेनं कुरतडलेली. पावसाळ्याआधी मासेमारी बंद झाली की दोर बांधून होड्या वाळूवर ओढायच्या, हे तिचं काम. पूर्वी माणसं ओढत. एकजण होडीच्या धन्याच्या नावानं हाक द्यायचा आणि बाकीचे ‘हैय्या’ म्हणत जोर लावायचे. जीप आली, हाक बंद झाली. इंजिनाला कुणाच्या नावाचं काय पडलंय!

मग पेट्रोलात इथेनॉल आलं. “मी दारू सोडली आन् हिला लागली,” रामू म्हणायचा. नव्या गाड्यांना ते पचत असेल, या म्हातारीला काही पचेना. मोकळी असली की पळायची, पण मागे ओझं लागलं की खोकायची. चार दिवस दमट हवेत उभी राहिली की टाकीतलं पेट्रोल पाणी धरायचं.

गेल्या वर्षी तिनं दगा दिला तो नेमका तानीच्या होडीला. तानी म्हणजे रामूच्या जिवलग दोस्ताची, दादूची बायको. दादू आजारपणात गेला; जाण्याआधी रामूनं त्याला शब्द दिला होता, तुझी होडी पावसाळ्यात पाण्यात राहणार नाय. आणि भरती चढत असताना जीप अर्ध्यावर बंद! रामूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जाळी शिवणारे गडी, मासळी वाळवणाऱ्या बाया, सगळे धावले. कुणीतरी जुनी हाक दिली, “दादूची होडी!” “हैय्या!” होडी वर आली.

यंदा रामूनं टाकी धुऊन घेतली आणि बोईसरहून बिनइथेनॉलचं महागडं पेट्रोल आणलं. जीपनं दोर ताणला, एकदासुद्धा न खोकता होडी चढवायला लागली. रामूनं ऐटीत मागे पाहिलं. तानी होडीच्या काठाला हात लावून एकटीच चालत होती. तिचं तोंड उतरलेलं होतं.

“काय झाला गं? बरी चाललीय ना?”

“बरी चाललीय, भाऊ.” ती थांबली. “मी त्यांचा नाव घेत नाय. गेल्या साली सगल्या गावानं घेतला. वाटला, हायतच ते.”

रामूला गलबलून आलं. नवरा गेला तरी त्याचं नाव तोंडावर न आणणारी ही बाई, तिनं ते ऐकायचं तरी कुणाकडून?

त्यानं हळूच चावी फिरवली. जीप गप्प झाली.

“बंद पडली रे! या सगले, भरती आली!”

“चांगला पेट्रोल टाकलास ना रामूदा?” जाळी शिवायची सोडून धावत आलेल्या शैलेशनं विचारलं.

“हिचा काय भरवसा! दोर धर.”

पहिली हाक रामूनंच दिली. “दादूची होडी!”

“हैय्या!”

सगळ्यांत मोठा आवाज तानीचा होता.