मामांची लोखंडी टोपी

मस्कतमध्ये चिनी राजपुत्रांचा खरा हितचिंतक असा एकच माणूस होऊन गेला, आणि तो गाला नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या एका गॅरेजात गाड्यांना रंग मारायचा. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. गाव रत्नागिरीकडचं, नोकरी सव्वीस वर्षं एकाच अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, आणि जीव गुंतलेला पेकिंगच्या दरबारात. झालं असं, की कुणा चिनी इंजिनिअरनं रंगवायला टाकलेली गाडी न्यायला तो परत आलाच नाही. गाडी अर्बाबनं विकली आणि डिकीतलं चीनच्या इतिहासाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मामांच्या वाट्याला आलं. मांडीवर डिक्शनरी घेऊन मामा ते अकरा वर्षं वाचत होते. त्यात लढाया होत्या, नद्यांचे पूर होते, कवी होते. मामांनी त्यातून फक्त वंशावळी उचलल्या. शुक्रवारी ते सीबला आमच्याकडे जेवायला येत आणि सुरमईचा पहिला तुकडा तोंडात घालायच्या आत कुणीतरी राजपुत्र ताटाशी येऊन बसलेला असे.

मामांचा लाडका नियम एकच. चीनच्या शेवटच्या राजवटीत बापाची पदवी मुलाला मिळायची, पण एक पायरी खालची. बाप पहिल्या दर्जाचा तर मुलगा दुसऱ्या, नातू तिसऱ्या. अपवाद फक्त मोजक्या घराण्यांचा. त्यांना म्हणत लोखंडी टोपीवाले. त्यांची पदवी पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी उतरायची. "आणि जावईबापू," मामा काटा काढत सांगायचे, "राज्य बुडाल्यावर अशाच एका टोपीवाल्याचा वंशज पेकिंगात रिक्षा ओढत होता. टोपी लोखंडाची होती, डोकं माणसाचं."

हा नियम त्यांनी गाल्याच्या खोलीतही लागू केला होता. सहा माणसांच्या त्या खोलीत खिडकीजवळची खाट म्हणजे पहिला दर्जा, संडासाच्या दाराजवळची शेवटचा. खिडकीवाला कायमचा गावी गेला आणि त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ आला, तेव्हा मामांनी त्याची पेटी उचलून एक खाट खाली सरकवली. तो बिचारा म्हणाला, "पण दादाची जागा ती होती." मामा म्हणाले, "म्हणूनच तर तुझी ही. रडू नको मेल्या, तुझ्या पोराला दार मिळेल."

आता आमच्याकडे पदव्यांचा घोळ मुळातच मोठा. इथे माणूस करतो एक आणि त्याच्या सरकारी रहिवासी कार्डावर असतं दुसरंच. ज्या कामाचा व्हिसा हाताला लागला त्यावर आलेला असतो. मामा माणसांची ओळख कार्डावरून करून द्यायचे. आमटी वाढणाऱ्याकडे बोट दाखवून, "हे गवंडी." खरा गवंडी कोपऱ्यात बसलेला असे, तो कागदोपत्री मेंढपाळ. आणि स्वतः मामा, ज्यांच्या हातचा मेटॅलिक रंग बघायला लोक अल अमेरातहून यायचे, त्यांच्या कार्डावर सव्वीस वर्षं शेतमजूर होतं. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. "चालायचंच," म्हणायचे.

मग तेलाचे भाव पडले त्या वर्षी मामांना धाप लागायला लागली. एक्स-रे काढला. सव्वीस वर्षांचा फवारा छातीत जाऊन बसला होता. डॉक्टरनं फिल्म उजेडात धरली तर मामा मला म्हणतात, "शेड चांगली आली आहे." मी हसलो. डॉक्टर हसला नाही. काम बंद करा आणि घरी जा, म्हणाला.

अर्बाब भला माणूस. त्यानं कॉफी आणि खजूर पुढे ठेवून आपणहून सांगितलं, "मामा, आप जाओ, आराम करो. अपना लड़का भेजो. आपकी जगह उसकी." गॅरेजमधल्या माणसांनी मामांच्या पाठीवर थापा मारल्या. त्या वर्षी जिथे असलेली माणसं घरी पाठवत होते, तिथे न मागता व्हिसा. मामा मात्र शुक्रवारी आमच्याकडे जेवलेच नाहीत. "माझ्या जागेच्या खाली एक पायरी, म्हणजे नक्की कुठे हो, जावईबापू?" मी चेष्टेत काढायला बघितलं. ते म्हणाले, "पोरगा येईल. पण आधी मला रंगारी करा. कागदावर."

मी त्यांच्याबरोबर अर्बाबकडे गेलो. अर्बाबला काही उमगेना. "पगार बराबर, खाना बराबर. कार्ड में क्या रखा है?"

"अर्बाब, लड़का एक सीढ़ी नीचे आता है. मजदूर के नीचे क्या है?"

अर्बाबनं खरोखर विचार केला. "बकरी," तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. मग मामांच्या तोंडाकडे बघून थांबला, आणि दुसऱ्याच दिवशी अर्जावर सही करून मोकळा झाला.

अर्ज घेऊन गेलो तो मीच. कामगार कचेरीच्या खिडकीतला माणूस सौजन्यानं बोलला. शेतमजुराचा रंगारी होतो, म्हणाला; जुनं कार्ड रद्द करायचं, नवं काढायचं, त्याआधी वैद्यकीय तपासणी. छातीचा एक्स-रे. तो कसा येतो ते मला ठाऊक होतं. मी अर्ज घडी करून परत आणला. मामा खाटेवर बसून होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खलास. अर्बाबला सांगा, पोरगा येणार नाही." मी भांडलो. म्हटलं, मामा, घरी चूल पेटायची आहे, चिनी राजांपायी पोराची भाकर घालवू नका. ते म्हणाले, "चिनी राजे मेले हो कधीच. मी माझं बोलतोय. सव्वीस वर्षं विचारलं कुणी तू कोण, की कार्ड काढून दाखवायचो, आणि वाचणारा माझ्याकडे बघायचाच नाही."

तिकीट पुढच्या बुधवारचं होतं. सोमवारी दुपारी, सगळे कामावर असताना, मामा त्या खाटेवरच गेले. विमानात त्यांच्याबरोबर जे कागद गेले त्यांवर व्यवसायाच्या रकान्यात कार्डावरचंच उतरवलेलं होतं.

तेराव्यानंतर मुलाचा फोन आला. चोवीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला, आवाज थेट बापाचा.

"भावोजी, कागदावर शेतमजूर लिहिलंय. बाबा तर रंगारी होते ना?"

"एक नंबरचे," मी म्हणालो.

"आईला दाखवला नाही मी तो कागद." मग म्हणाला, "अर्बाब बापाच्या जागी मुलाला घेतात म्हणे. मला शेतमजूरही चालेल. शेतीतलं कळतं मला थोडं."

मजेखातर मी आयुष्यभर थापा मारत आलोय, माझी त्याबद्दल ख्याती आहे. ही एक मात्र मजेखातर नव्हती. "जागा भरली रे," मी म्हणालो.

"कोण आलं?"

"आहे एक."

"आपल्याकडचा?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. "बाबांची सायकल खालीच असेल, जिन्यापाशी. ती वापर म्हणावं त्याला."