सोड्याच्या त्रेसष्ट गोळ्या

थोरले बंधू वारल्यापासून वहिनीच्या दवाखान्याचं सगळं मीच बघतो. मी शाळेत असताना माझा डबा ती करायची, त्यामुळे तिच्या औषधपाण्यात हयगय होऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. तिची मूत्रपिंडं निम्म्याहून कमी चालतात. मंचरच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या वर नाही आणि सोड्याची गोळी दिवसातून तीन वेळा.

मीठ मी काट्यावर तोलायचो. दर रविवारी पस्तीस ग्रॅम वेगळ्या बाटलीत, तिच्या भाजीआमटीसाठी. एकदा गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचलं, तर त्यात सोडियम. मोबाईलवर हिशोब मांडला. एका गोळीत १३७ मिलिग्रॅम, तिन्हींत ४११, म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम मिठाइतकं. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेली चूक आपण पकडली, याचा मला आनंद झाला. तो आता आठवला तरी मान खाली जाते.

"वहिनी, या गोळ्या आजपासून बंद. हे मीठच आहे."

"डाक्टरला इचारलं का?"

"विचारायचं काय त्यात? हिशोब समोर आहे."

"बरं. तुमी म्हणता तर ऱ्हायलं."

तिसऱ्या आठवड्यात ती ओट्यावर घेवडा निवडत बसली होती आणि श्वास मात्र खोल खोल घेत होती. जेवणही कमी झालं होतं. म्हणाली, "भावजी, बसल्या जागी दम लागतुया. तळेघरचा चढ चढून आल्यावानी." बायको म्हणाली, दाखवून आणा. मी म्हणालो, ब्लडप्रेशर उत्तम आहे, हवा बदललीय. दोन दिवस असेच घालवले, मग रक्त तपासलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. बायकार्बोनेट आधी २२ होतं, आता १४.

"मावशी, गोळ्या चुकल्या का मधे?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे. परक्या माणसापुढे घरच्या पुरुषाला खाली बघायला लावायचं नाही, ही आमच्याकडच्या बायकांची रीत. "न्हाई. येळच्या येळी घेती."

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग मला म्हणाले, "गोळ्या घेऊनही एवढं उतरलं, म्हणजे मूत्रपिंडं थकत चाललीत. डायलिसिसची तयारी करावी लागेल. त्यासाठी हातावर छोटं ऑपरेशन करून नस तयार करून घ्या. पुण्याला चिठ्ठी देतो." आणि ते लिहायला लागले. वहिनीनं डावा हात पदराखाली घेतला.

दोन ओळी लिहून होईपर्यंत मी गप्प होतो. हे मला लिहिलंच पाहिजे. मग बोललो तेही अर्धवट.

"मधे थोड्या चुकल्या असतील."

"थोड्या म्हणजे किती?"

"त्रेसष्ट."

त्यांनी पेन थांबवलं. "मोजून?"

"एकवीस दिवस. मी बंद केल्या. त्यात सोडियम आहे म्हणून."

वहिनी मधेच म्हणाली, "त्यांचं काय न्हाई वो. मलाच नको वाटायच्या."

डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की आपण खातो त्यातून शरीरात रोज आम्ल तयार होतं. काही श्वासावाटे जातं, बाकीचं मूत्रपिंडं लघवीतून बाहेर टाकतात. आम्ल मारणारं बायकार्बोनेट ती लघवीत वाया जाऊ देत नाहीत, रक्तात परत घेतात, कमी पडलं तर नवं बनवतात. "यांच्याकडून ते पुरेसं होत नाही, म्हणून ही बायकार्बोनेटचीच गोळी. गोळी थांबली की आम्ल साचतं, मग फुप्फुसं जोरानं श्वास घेऊन भरपाई करतात. दम त्याचा. आणि गोळीतलं सोडियम धरूनच मी मीठ पाच ग्रॅम सांगितलं होतं."

माझ्या द्राक्षबागेत फवारणीच्या पाण्याचा पीएच मोजल्याशिवाय मी टाकीत औषध घालत नाही. पीएच म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

गोळ्या त्याच दिवशी सुरू करायच्या आणि आठवड्यानं रक्त पुन्हा तपासायचं ठरलं. दवाखान्याचा जिना उतरताना वहिनी दर दोन पायऱ्यांना थांबत होती. मी हात धरला.

"चारचौघांत कशाला सांगायचं? उगं नाव गेलं तुमचं."

"तुझ्या हाताची नस कापली असती, वहिनी."

"कापली असती तर कापली असती."

माझी मान ताठ राहावी म्हणून ती गप्प बसणार होती.

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हणले डॉक्टर?"

वहिनीनं तोंड उघडायच्या आत मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.